एका कान्याचं भांडण

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल काही सांगायला गेलं की पुण्यामुंबईची माणसं गालात हसतात. त्यांना वाटतं, हे लोक वाढवून सांगतात. म्हणून मी उन्हाळ्यावर बोलणं सोडून दिलं आहे. मी मार्थाबाई लोंढ्यांवर बोलतो, आणि त्यात एक अक्षर वाढवून सांगत नाही. एक काना तेवढा वाढला आहे, पण तो मी वाढवलेला नाही. त्याचीच तर ही गोष्ट.

मार्थाबाई रागावल्या की मिशनच्या आवारातल्या चिंचेवरचे कावळे उठायचे ते थेट खाप्याला जायचे, कन्हान नदीत डोकी बुडवायचे आणि बाईंच्या घराचं दार लागलेलं पाहून मगच परत यायचे. एकदा त्यांनी सातवीच्या वर्गात "कोण हसलं?" असं विचारलं, तर शेजारच्या मुलांच्या शाळेतले हेडमास्तर उभे राहिले. हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या दिवशी मी उमरेडला होतो, ही गोष्ट वेगळी.

उंची म्हणाल तर बाई पाण्याच्या माठापेक्षा थोड्या वर. बारा महिने हातात काळी छत्री. अंबाड्यात एका बाजूने लाल पेन्सिल खोचलेली आणि दुसऱ्या बाजूने एक जाडजूड लोखंडी आकडा, बैल बांधता येईल असा. कमरेला पितळी डबी, डबीत आवळ्याची सुपारी. मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या मराठीचं व्याकरण शिकवायच्या, आणि रविवारी देवळात शास्त्रवाचन करायच्या. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. मी त्या देवळात पेटी वाजवायचो. पेटीला दमा होता आणि मला ताल नव्हता, पण पेटीवाल्याची जागा मोक्याची असते. त्याला पाळकाची पाठ दिसते आणि मंडळीची तोंडं. वीस वर्षं मी मार्थाबाईंचं तोंड पाहिलं, आणि सांगतो, उपदेश त्या तोंडावर चालायचा, व्यासपीठावर नव्हे.

बाई पहिल्या बाकावर बसायच्या. डबी मांडीवर. पाद्रीसाहेबांचं एखादं वाक्य पटलं नाही की अंगठ्याने झाकण उघडायच्या: टच्. बस, एवढंच. सुपारी खायच्याही नाहीत. पण आमचे पाद्रीसाहेब, मऊ आवाजाचे, मऊ हातांचे, भल्या मनाचे गृहस्थ, त्या आवाजाने असे दचकायचे की हातातलं पान दोनदा उलटायचे आणि मोशेला तांबड्या समुद्रातून काढून एकदम गालीलच्या सरोवरात सोडायचे.

उपासना संपली की बाई दाराशी त्यांना गाठायच्या. प्रश्न ठरलेला: "साहेब, त्या वाक्याचा कर्ता कोण?"

व्याकरणाच्या पलीकडे बाईंचं दुसरं काही धर्मशास्त्र नव्हतं. त्या म्हणायच्या, शास्त्र वाचायचं म्हणजे दर वाक्याला विचारायचं, हे कोण बोलतो, कोणाला बोलतो, आणि क्रियापद कोणाच्या गळ्यात आहे. हे न विचारता वचन तोंडात घेणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून बस चालवणं.

दरवर्षी एकदा त्या दोन बहिणींवर उपदेश व्हायचा, मार्था आणि मरिया. प्रभू घरी येतो, मरिया पायाशी बसून ऐकते, मार्था चुलीशी राबते आणि वर बोलणी खाते. पाद्रीसाहेब दरवर्षी मार्थेला झोडपायचे आणि दरवर्षी आमची मार्था झाकण उघडायची. एका वर्षी तिने दारापर्यंतही वाट पाहिली नाही.

"साहेब, मरियेने ऐकलं, उत्तम केलं. पण त्या दिवशी प्रभू जेवला की उपाशी गेला?"

"जेवला असेल, बाई."

"मग भाकर कोणी थापली? कर्ता सांगा!"

मंडळीतल्या बायका पदरात तोंड घालून अशा हसल्या की मागच्या भिंतीवरची पाल पडली. त्यानंतर मार्थेवर उपदेश झाला नाही. आमच्या पंचक्रोशीत तिची एवढी अब्रू राहिली ती बाईंमुळे.

दुसरा किस्सा सॅम्युएलरावांचा. सॅम्युएलराव म्हणजे आमच्या मंडळीचे मुख्य पंच. सीताबर्डीवर त्यांचं फर्निचरचं दुकान. माणूस असा धार्मिक की शिंकला तरी आधी डोळे मिटायचा. दुकानाच्या दर्शनी भागात, पलंग आणि कपाटांच्या वर, त्यांनी सोनेरी अक्षरांत एक पाटी लावली होती: ‘हे सर्व मी तुला देईन.’ खाली बारीक अक्षरात, पवित्र शास्त्र. कितीतरी वर्षं ती पाटी तिथे चमकत होती, आणि कितीतरी ख्रिस्ती नवरा-नवरींनी तिच्याखाली उभं राहून ड्रेसिंग टेबलं घेतली.

मार्थाबाई एकदा तिथे खुर्ची घ्यायला गेल्या. पाटी वाचली. डबी उघडली.

"सॅम्युएलराव, हे कोणाचं वाक्य आहे?"

"देवाचं. अजून कोणाचं राहीन, बाई?"

"मागचं-पुढचं वाचलं होतं?"

"पेंटरनं निवडलं. चांगलं आशीर्वादाचं वाटलं."

"सैतानाचं आहे. प्रभूला डोंगरावर नेऊन सगळ्या जगाचं वैभव दाखवतो आणि म्हणतो, पाया पड, हे सर्व मी तुला देईन. तुम्ही आपल्या दुकानावर सैतानाची जाहिरात लावली आहे."

सॅम्युएलरावांनी दुपारच्या आत पाटी उतरवली. मी म्हटलं असतं, राहू द्या, गिऱ्हाईक त्याच्याच वचनावर येतं. पण मला कोण विचारतो! ते मार्थाबाईंना त्या दिवसापासून बघून न बघितल्यासारखं करायला लागले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. वर्गात आणि देवळात बाईंची मराठी अशी शुद्ध, की पाण्यात टाकली तर बुडबुडा यायचा नाही. पण प्रार्थना मात्र नागपुरीत. डोळे मिटले की बाई देवाला थेट ‘गा’ म्हणायच्या. "काहून गा देवा, हे काय करून राहिला तू? त्या गरिबाच्या घरी पाह्य ना जरासा." पाद्रीसाहेबांना हे फार लागायचं. त्यांनी एकदा सुचवून पाहिलं की परमेश्वराला ‘आपण’ म्हणावं, निदान चारचौघांत.

"साहेब, गालीलची माणसं बोलीवरून ओळखू यायची, हे शास्त्रातच आहे," बाई म्हणाल्या. "सुताराच्या घरी वाढलेला माणूस ‘आपण’ म्हणत असेल? आणि मी त्याच्याशी भांडते. ‘आपण’ म्हणून भांडता येतं का कोणाशी?"

आणि त्या खरंच भांडायच्या. रोज. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज यायचा, आणि नव्या माणसाला वाटायचं, बाईंचा नवरा फार सोशीक दिसतो. नवरा रेल्वेत होता, जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

आता रूथ.

शाळेच्या वसतिगृहात सुंदरबाई म्हणून स्वयंपाकीण होती, उमरेडकडची. नवरा नाही, एकच पोरगी, रूथ, मार्थाबाईंच्या सातवीत. पोरगी म्हणजे चालतं-बोलतं भुईचक्र. एका उन्हाळ्यात आवारातल्या आंब्याच्या कैऱ्या तिच्या ओच्यात सापडल्या आणि तिला बाईंपुढे उभं केलं. मी ओसरीवर पेटीचा भाता चिकटवत बसलो होतो.

"कैऱ्या कुठून आल्या?"

"पडल्या, बाई."

"पडल्या की पाडल्या?"

पोरगी विचारात पडली. व्याकरणाचा प्रश्न होता, खोटं बोलून चालणार नव्हतं. "बाई, मी निस्ता दगड मारला. पडल्या त्या आपल्या मनानं."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कैरी पडली’. मग ‘प’च्या पुढे खडूने एक उभी रेघ ओढली. ‘कैरी पाडली.’

"पाहा वं पोरी. एका कान्याचा फरक आहे. पडली, तर कैरीच कर्ता, कोणाला विचारायला नको. काना दिला की कर्ता दुसरा, आणि विचारावं लागतं: कोणी पाडली? जगातले सगळे लबाड लोक हा एक काना खातात. तू खाऊ नको."

"कैऱ्या खाऊ का मंग?"

तेव्हा मात्र बाई हसल्या. कावळे दुसऱ्या दिवशीपर्यंत खाप्याहून आले नाहीत, त्यांना वाटलं, काहीतरी मोठं संकट आहे.

वसतिगृहाच्या मागे देवळाच्या आवाराची भिंत होती, जुनी, मातीत बांधलेली. ती कित्येक वर्षं बाहेरच्या बाजूला पोट काढत होती, आणि एका वर्षी तिने विचार बदलला आणि आतल्या बाजूला पोट काढलं. मार्थाबाई दर रविवारी पंचांना सांगायच्या. "सॅम्युएलराव, भिंतीला दिवस गेलेत. बाळंत होईल एखाद्या दिवशी." पंच हसायचे. शेवटी भिंतीसाठी विटा आल्या. मी पाहिल्या, चांगल्या लाल विटा, मागच्या फाटकाशी रचून ठेवल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात देवळाला नवी घंटा भेट म्हणून मिळाली. घंटेला मनोरा हवा. सॅम्युएलराव म्हणाले, आधी देवाचं काम, मग भिंतीचं. विटा आल्या भिंतीसाठी आणि गेल्या आभाळात. मार्थाबाईंनी छत्री आपटून आपटून मोडली. पंचांनी सांगितलं, भिंतीसाठी आपण प्रार्थना करू. आणि केली हो! गुडघे टेकून केली. भिंतीला एक बांबू टेकवायला मात्र कोणाचा गुडघा वाकला नाही.

पाऊस आठवडाभर पडला तेव्हा भिंत उभी राहिली. ओल्या मातीची भिंत पावसात पडत नाही, ऊन लागलं की पडते. ऊन पडलं त्या दुपारी सुंदरबाई आत भात काढत होती आणि रूथ भिंतीच्या सावलीत भांडी घासत होती.

इथे मी काही वाढवून सांगणार नाही.

मूठमाती देताना अख्खी मंडळी होती. पाद्रीसाहेबांना, खोटं कशाला बोलू, खरंच वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, "देवाने आपल्या बागेसाठी ही कळी खुडून नेली."

टच्.

कबरस्तानात झाकणाचा आवाज कसा येतो ते मला त्या दिवशी कळलं. बाई पुढे आल्या. "साहेब, कर्ता चुकला."

"बाई," सॅम्युएलराव दबक्या आवाजात म्हणाले, "हे बोलायची वेळ आहे का?"

"वेळ मागच्या उन्हाळ्यात होती. तेव्हा तुम्ही मनोऱ्यावर होता."

त्याच आठवड्यात पंचांनी बाईंना बोलावलं, देवळाच्या मागच्या खोलीत. पेटी तिथेच असायची, म्हणून मीही तिथेच होतो. पेटीत त्या दिवशी काही बिघडलं नव्हतं, पण मी ती पूर्ण खोलून बसलो.

सॅम्युएलराव म्हणाले, "झालं ते झालं. भिंत पडली. आम्हालेही दुःख आहे. मुलीच्या कबरीवर आम्ही दगड बसवून राहिलो, वर ईयोबाचं वचन टाकू, देवानं दिलं, देवानं नेलं. पण तुम्ही मंडळीत फूट पाडून राहिल्या, बाई."

"हो का? मी फूट पाडते आणि भिंत मात्र आपोआप पडते?" बाईंचा आवाज चढला. "पडली नाही, सॅम्युएलराव. पाडली. काना खाऊ नका."

"आम्ही काय घन घेऊन गेलो होतो?"

"विटा घेऊन गेलात. तेवढं पुरे झालं."

पाद्रीसाहेब मध्ये पडले. "बाई, रागात आपण देवाच्या सत्तेलाच हात घालता आहात. त्याच्या इच्छेशिवाय झाडाचं पानही हलत नाही, असं शास्त्र सांगतं."

"कोणत्या अध्यायात?"

पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडलं. पुढून चाळलं, मागून चाळलं. मंडळीसमोर कितीतरी वेळा म्हटलेलं वाक्य ते, असणारच कुठेतरी. बाई उभ्याच होत्या. मी पेटीची एक पट्टी काढून परत तिथेच लावली.

"सापडणार नाही, साहेब. ती म्हण आहे. गावातली. शास्त्रात नाही."

"चिमणी तरी आहे ना?" पाद्रीसाहेब कळवळून म्हणाले. "एक चिमणीही बापावाचून जमिनीवर पडत नाही."

"आहे. चिमणी पडते तेव्हा बाप तिच्याजवळ असतो, असं मी ते वाचते. बापाने गलोल मारली असं मला त्यात कुठेच दिसत नाही."

"मग त्या दुपारी देव कुठे होता, बाई?" हे त्यांनी चिडून विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना खरंच हवं होतं उत्तर.

बाई पहिल्यांदाच हळू बोलल्या. "खाली होता. भिंतीच्या खाली. ज्या देवाला आपण खिळ्यांनी लाकडाला ठोकलं तो वर उभा राहून भिंती ढकलत नाही. त्या वाक्यात तो कर्ता नव्हता, साहेब. कर्म होता. भिंत त्याच्यावर पाडली." मग सॅम्युएलरावांकडे वळून त्या एवढ्या जोरात ओरडल्या की नव्या मनोऱ्यातली घंटा आपोआप वाजली. "आणि तुम्ही आपली सही पुसून त्याचा अंगठा उठवता!"

निर्णय झाला. येत्या रविवारी बाईंनी ईयोबाचा पहिला अध्याय वाचावा, मंडळीची क्षमा मागावी. नाहीतर शास्त्रवाचन कायमचं बंद. अध्याय सॅम्युएलरावांनी निवडला होता.

पण बाईंना वाचनाची फिकीर नव्हती. फिकीर होती सुंदरबाईची. सुंदरबाई जेवत नव्हती. वसतिगृहाच्या चुलीपुढे बसायची आणि एकच म्हणायची, "मी काय पाप केलं वं बाई? कोन्त्या पापासाठी नेलं त्यानं तिले?" पाद्रीसाहेबांच्या त्या एका वाक्याने हे केलं होतं. देवाने नेलं, तर कशासाठी तरी नेलं असणार. गरीब माणूस कारण शोधायला लागतो तेव्हा पहिल्यांदा आपल्याच घराची झडती घेतो. मला आजही त्या बागेच्या आणि कळीच्या उपदेशाचा असा संताप येतो की पेटीचा भाता फाडावासा वाटतो. फुलं खुडणारा देव! आम्ही आमच्या लेकरांनासुद्धा सांगतो, फुलं तोडू नका.

मार्थाबाई रोज संध्याकाळी ताट घेऊन तिथे जायच्या. पेटीवाल्याला कंदील धरायला न्यायच्या, म्हणून मला हे ठाऊक. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी शास्त्र उघडलं आणि गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"ऐक वं सुंदरा. प्रभूच्या काळात यरुशलेमात एक बुरूज पडला होता. शिलोहाचा बुरूज. माणसं मेली. लोक म्हणायला लागले, पापी असतील, म्हणून मेले. प्रभूने विचारलं, ते काय गावातल्या बाकीच्यांहून जास्त पापी होते? आणि स्वतःच उत्तर दिलं. नाही. समजलं? सरळ नाही म्हणतो तो. त्याने नाही म्हटलं आहे, आता तू हो म्हणू नको."

सुंदरबाईने विचारलं, "तो बुरूज कोनं बांधला होता, बाई?"

मार्थाबाईंचा हात डबीवर गेला आणि तिथेच राहिला. "ते लिहिलेलं नाही."

"लिवाले पाह्यजे होतं," सुंदरबाई म्हणाली, आणि ताट पुढे ओढलं.

रविवारी देऊळ गच्च भरलं. इतकी माणसं नाताळलाही येत नाहीत. खापा, सावनेर, कामठीहून आली, असं मी सांगतो, तुम्ही मानू नका. मार्थाबाई वाचायला उभ्या राहिल्या. स्वच्छ, शुद्ध, एकेक शब्द तोललेला. ईयोबाची गुरं गेली, नोकर गेले, घर कोसळून लेकरं गेली. मग ईयोब कपडे फाडतो, जमिनीवर पडतो आणि म्हणतो ते वाक्य आलं. देवाने दिलं, देवाने नेलं. सॅम्युएलरावांनी डोळे मिटून मान हलवली.

बाईंनी पुस्तक मिटलं.

"हे वाक्य ईयोबाचं आहे. ज्याची लेकरं गेली त्याचं. त्याने म्हटलं तर ती उपासना आहे, आणि पुढे तो देवाशी कसा भांडला तेही सगळ्यांनी घरी जाऊन वाचा. पण ज्याची भिंत होती त्याने हे वाक्य म्हणायचं नाही. त्याच्या तोंडात ती चोरी आहे. क्षमा मागायची होती ना मला? मागते. रूथची मागते. मी नुसतं बोलत राहिले. मोडकी छत्री आपटण्यापेक्षा तिचाच टेकू भिंतीला लावायला हवा होता."

सॅम्युएलराव उठले. "बाई, खाली बसा. देवळात आहात."

आणि मागच्या बाकावरून, जिथे स्वयंपाकिणी आणि माळी बसतात, तिथून आवाज आला. मोठा नव्हता. पण मी पेटीवर ठेवलेली बोटं उचलली.

"माह्या पोट्टीले देवानं नाही नेलं." सुंदरबाई उभी होती. "देवाले कायले मंधात घेता? भिंत तुमची होती. इटा तुमच्या होत्या. त्या कोनं नेल्या, तेवढं सांगा."

मी वर पाहिलं. मी खोटारडा माणूस आहे, पण हे खरं की त्या क्षणी देवळातल्या सगळ्या माणसांनी छताकडे पाहिलं, मनोऱ्याच्या बाजूला. पाद्रीसाहेब व्यासपीठावरून उतरले, चालत मागच्या बाकापर्यंत गेले आणि सुंदरबाईसमोर हात जोडून उभे राहिले. तो त्यांचा सर्वांत चांगला उपदेश होता, आणि डबी वाजली नाही.

सॅम्युएलराव बाजूच्या दाराने निघून गेले.

मार्थाबाईंचं वाचन तरीही बंद झालं. पंच शेवटी पंचच. भिंत मात्र नवी झाली, चुन्या-सिमेंटात, हत्ती टेकला तरी हलणार नाही अशी. आणि कबरीवरच्या दगडाचं काय? पाद्रीसाहेबांनी हट्ट धरला की मजकूर सुंदरबाई सांगेल तोच. सुंदरबाईने सांगितला: रूथ. देवळाची भिंत पाडली, तिच्यात गेली. पंचांनी मान्य केलं, पण दगड कोरणाऱ्याकडे निरोप गेला तो सॅम्युएलरावांच्या दुकानातून. दगड बसला तेव्हा त्यावर होतं, ‘देवळाची भिंत पडली.’

काना खाल्ला होता.

मला वाटलं, आता शहर पेटतं. काहीच झालं नाही. पण थोड्याच दिवसांत कोणीतरी पाहिलं की दगडावर ‘प’ आणि ‘ड’ यांच्यामध्ये एक उभी रेघ आहे, ओबडधोबड, कशाने तरी खरवडलेली. पंचांनी माणूस पाठवून ती घासून काढली. महिन्याभराने रेघ परत. पुन्हा घासली, पुन्हा आली. असं किती वर्षं चाललं असेल! पंच बदलले, सॅम्युएलराव मुलाकडे जबलपूरला गेले, नवीन पाद्री आले, आणि रेघ घासायचा कोणाला कंटाळा आला. कबरस्तानात परकी माणसं आपल्या माणसांना फुलं वाहायला येतात, त्या दगडापाशी थांबतात, वाचतात आणि हमखास विचारतात, "कोणी पाडली हो?"

मार्थाबाई निवृत्त झाल्या, वाकल्या, डोळ्यांत मोतीबिंदू आला. देवाशी भांडण चालूच होतं, पण आवाज कावळ्यांना गावाबाहेर घालवण्याइतका राहिला नव्हता. ते चिंचेवरच बसून ऐकायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कबरस्तानातच. एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी आमच्या आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला गेलो होतो. संत्र्याच्या दिवसांतली कोवळी उन्हं होती. रूथच्या दगडापाशी सुंदरबाई काळी छत्री उघडून उभी होती, आणि छत्रीखाली मार्थाबाई मातीत बसल्या होत्या. अंबाडा सुटला होता. हातात तो लोखंडी आकडा. डाव्या हाताची बोटं दगडावरून आंधळ्यासारखी फिरत होती, ‘भ’वरून, ‘त’वरून, आणि ‘प’ सापडला तिथे थांबली. पावसाने रेघ भरून आली होती. बाईंनी आकडा टेकवला आणि खरवडायला लागल्या.

"पुरे करा वं बाई," सुंदरबाई म्हणाली. "दिसून राहिलं आता. देवानं पाह्यलं."

"त्याला माहीतच आहे," बाई हात न थांबवता म्हणाल्या. "त्याच्यासाठी कोण लिहितं? हे माणसांसाठी आहे."

त्यांनी भुकटी फुंकून उडवली, बोटाने रेघ तपासली, वरपासून खालपर्यंत. मग आकडा सुंदरबाईच्या हातात दिला. सुंदरबाईने तो आपल्या अंबाड्यात खोचला.